मालक गावाला गेलेत, मांजर रात्रभर ओरडतंय: घर सांभाळायला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी लागली, मे महिना आला, किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी आईवडील सहा महिने अमेरिकेला निघाले, की मांजर असलेल्या घरात एकच घोर लागतो: याचं काय करायचं? मांजराला बोर्डिंगमध्ये ठेवलं तर बरीचशी मांजरं खाणं सोडून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहतात. म्हणून ओळखीतल्या कुणाला तरी घरी राहायला बोलावतात. "ती काही त्रास देत नाही हो, दोन वेळा खायला घातलं की झालं," असं सांगून मंडळी विमानात बसतात आणि पहाटे साडेचारला हीच मांजरी बेडरूमच्या दाराशी उभी राहून हेल काढून ओरडायला लागते.

मी बरीच वर्षं नातेवाइकांची आणि मित्रमंडळींची मांजरं त्यांच्याच घरी राहून सांभाळते. नव्याने हे काम करणाऱ्याला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मांजराला शिस्त लावायला तुम्हाला बोलावलेलं नाही. त्याची माणसं एकाएकी नाहीशी झाली आहेत आणि तुम्ही उपरे आहात. जुनं वेळापत्रक जितकं जसंच्या तसं चालू ठेवाल तितकी ओरड कमी. आणि तरीही जी ओरड उरेल तिच्यातली कुठली सोडून द्यायची आणि कुठलीसाठी रात्री रिक्षा बोलवायची, हे ओळखता आलं पाहिजे.

मालक घरी असतानाच एकदा जाऊन या

फोनवर माहिती घेऊन भागत नाही. मालक निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, मांजराच्या जेवणाच्या वेळेलाच जा. जेवण कोण देतं, कुठल्या वाटीत देतं, मापाला कुठला चमचा आहे, ओल्या खाण्याचं पाऊच थंड देतात की कोमट करून, हाक काय मारतात, हे सगळं डोळ्यांनी बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. लोकांना स्वतःच्या सवयी सांगता येत नाहीत, करून मात्र दाखवता येतात. एका घरी काकूंनी मला "सात वाजता खायला घाला" एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्या आधी ओट्यावरची कात्री उचलत, पाऊचचा कोपरा कापत आणि "चला चला चला" म्हणत वाटी फ्रिजशेजारी ठेवत. बोका कात्रीच्या आवाजालाच उठून यायचा. पाऊच हाताने फाडून वाटी दुसरीकडे ठेवली असती, तर तो जेवण समोर असताना जेवणासाठी ओरडत बसला असता.

मग हे प्रश्न विचारा. वय किती? नसबंदी झाली आहे का? लसीकरणाचं पुस्तक कुठे आहे? रात्री कुठे झोपतं? कुठली दारं कायम उघडी असतात आणि कुठली बंद? घाबरलं की कुठे लपतं? ओरडल्यावर तुम्ही काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं मिळेपर्यंत विचारत राहा. "आम्ही लक्ष देत नाही" असं बहुतेक जण सांगतात, पण खोदून विचारलं की कळतं, बाबा पहाटे पाचला उठून चार दाणे टाकून परत झोपतात. ते चार दाणे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे.

व्हेटचा (प्राण्यांच्या डॉक्टरांचा) नंबर, रात्री उघडा असणारा दवाखाना आणि मांजर न्यायची बास्केट या तीन गोष्टी त्याच दिवशी नक्की करा. मालकांशी संपर्क झाला नाही तर किती रुपयांपर्यंतचे उपचार तुम्ही स्वतःच्या निर्णयाने करू शकता, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. आपल्याकडे हे विचारायला संकोच वाटतो. विचाराच. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाची दुपार टळत असते, त्यामुळे एरवी फोन लागतो. पण ते विमानात असतील तेव्हा निर्णय तुमचाच असतो.

आणखी एक विनंती करा: अंथरुणावरची चादर आणि वापरलेला एखादा सदरा न धुता ठेवून जायला सांगा. पाहुणा येणार म्हणून सगळं धुऊन पुसून ठेवायची आपली रीत आहे, पण मांजराला घर वासाने ओळखू येतं. माणसं गेली आणि त्यांचा वासही गेला, तर त्याला धरायला काहीच उरत नाही.

घरात पाऊल ठेवल्यावर आधी खिडक्या बघा

मालकांच्या घरी वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणून तुमच्या आठवड्यात होणार नाही असं धरू नका. बावरलेलं मांजर नेहमीपेक्षा वेगळं वागतं. स्लायडिंग खिडकी मांजराला पंजाने सरकवता येते. ग्रिलच्या गजांतून डोकं गेलं की मागचं अंगही जातं. जाळी असेल तर कोपऱ्यात सुटलेली नाही ना, हे हाताने ओढून बघा.

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं आणि त्याला काही होत नाही, असं सर्रास बोललं जातं. ते पायांवर उतरायचा प्रयत्न करतं हे खरं, पण मार बसतोच. १९८७ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या बहुतेकांच्या छातीला इजा झाली होती, अनेकांचे जबडे आणि पाय मोडले होते. बरीचशी उपचारांनी वाचली, हा भाग लोक लक्षात ठेवतात आणि उपचार विसरतात.

घरातल्या विषारी गोष्टी उचलून बंद कपाटात टाका. पॅरासिटामॉल, म्हणजे आपली रोजची तापाची गोळी, मांजरासाठी प्राणघातक आहे, अर्धीसुद्धा. लिलीची फुलं घरात नकोत. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मांजराच्या किडन्या निकामी होऊ शकतात, आणि सणासुदीच्या बुकेंमध्ये लिली हमखास असते. डांबराच्या गोळ्या, कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषध, सुई ओवलेला दोरा, पतंगाचा मांजा, भेटवस्तूची रिबन हे सगळं बाजूला करा. फिनेलचंही तेच. फरशीवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटतं. घरकामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की या घरात पुसायला साधं पाणी किंवा मालक वापरतात तेच.

मावशींशी दाराबद्दलही बोला. मांजर पळून जातं ते बहुतेक वेळा मुख्य दारातून: कचरा घ्यायला कुणी आलं, पार्सल आलं, दार अर्ध्या मिनिटासाठी उघडं राहिलं. बेल वाजली की आधी मांजर कुठे आहे ते बघायचं, मगच कडी काढायची.

पहिली संध्याकाळ: काही करू नका

नवखा माणूस इथेच घाई करतो. मांजर पलंगाखाली गेलं की वाकून बघतो, खाऊ दाखवतो, "ये ना, ये ना" करतो आणि शेवटी हात घालतो. वाकून डोळ्यांत बघणारा, मोठा, अनोळखी प्राणी मांजराला शिकारीसारखा वाटतो. त्याला आत राहू द्या. पाणी आणि जेवण नेहमीच्या जागी ठेवा, लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू) स्वच्छ करा आणि त्याच खोलीत जमिनीवर बसून पुस्तक वाचा. ते बाहेर आलं तरी हात पुढे करू नका. जवळ आलं तर एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, थोडं लांब धरा आणि थांबा. ते हुंगेल, गाल घासेल किंवा निघून जाईल. तिन्ही चालतील.

नजरानजर झाली तर डोळे सावकाश अर्धवट मिटा, क्षणभर तसेच ठेवा, सावकाश उघडा. हे ऐकीव नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की अशी हळू उघडझाप केल्यावर मांजरंही तशीच उघडझाप करतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतात. पलंगाखालच्या मांजराशी बोलायला यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

काही मांजरं दोन-तीन दिवस दिवसा दिसतच नाहीत. रात्री वाटीतलं कमी होतंय आणि लिटरमध्ये खुणा दिसतायत तोवर काळजी नाही. म्हणून वाटी भरताना मोजून भरा. अंदाजाने घातलं तर खाल्लं की नाही तेच कळत नाही.

ते काय म्हणतंय?

मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्याव करून फारसं बोलत नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं, पण मोठेपणी ती हाक मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवलेली असते. प्रत्येक मांजर आपल्या माणसांना कुठला आवाज लागू पडतो ते शिकून घेतं. घुरघुरण्यातसुद्धा हे शिक्षण दिसतं: खाणं मागताना काही मांजरं घुरघुरीत एक उंच, रडवा सूर मिसळतात. २००९ साली कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सूर तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळचा असल्याचं दाखवलं. तो आवाज कानात घुसतो, त्याचं कारण हे.

त्यामुळे "मांजर ओरडतंय" एवढ्यावर थांबू नका. कुठे उभं राहून, किती वाजता आणि कसं, ते बघा.

वाटीशी किंवा ओट्याखाली, तोकडे तोकडे आवाज, पायात घोटाळणं: भूक किंवा भुकेची सवय. घड्याळ बघा. वेळ झाली नसेल तर ओट्यापासून लांब जा. तुम्ही स्वयंपाकघरात असाल तोवर त्याची आशा सुटत नाही.

बंद दाराशी, दारावर पंजे मारत: ते दार एरवी उघडं असतं. उघडा. निम्म्या रात्रींचं भांडण इथेच मिटतं. मालकांच्या पायाशी झोपणाऱ्या मांजराला तुम्ही पहिल्याच रात्री बेडरूमबाहेर काढलंत, तर ते ओरडेलच आणि त्याचं चुकत नाही. ज्याला मांजर अंथरुणात नको, त्याने अशा घरी हॉलमध्ये झोपावं आणि बेडरूम मांजराला मोकळी सोडावी.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत, लांब, खालच्या सुरात, संध्याकाळी आणि रात्री घर शांत झाल्यावर: ते माणसांना शोधतंय. सयामी आणि त्यांच्या संकरातली मांजरं मुळातच बडबडी. त्यांची ही हाक माणसाच्या हाकेसारखी येते आणि ऐकवत नाही. अशा वेळी धावत जाऊन उचलून घेऊ नका, पण मुकेही राहू नका. जिथे बसला आहात तिथूनच नेहमीच्या आवाजात एकदा नाव घ्या. घरात कुणीतरी आहे एवढं कळलं की काही मांजरं येऊन शेजारी बसतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ही हाक विरळ होताना मी पाहिली आहे, पण वय झालेल्या मांजरांना जास्त वेळ लागतो.

नसबंदी न झालेली मांजरी जमिनीवर लोळत, मागचा भाग वर करून, शेपूट बाजूला घेऊन, तासन्‌तास केकाटत असेल तर ती माजावर आली आहे. तिला दुखत नाहीये. हे साधारण आठवडाभर चालतं आणि गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतं. तुम्ही फक्त दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, कारण खालच्या पार्किंगमधले बोके एव्हाना जमलेले असतात. तिला थांबवायला कुणी गोळी सुचवली तर व्हेटला विचारल्याशिवाय देऊ नका. नसबंदीचा निर्णय मालक परत आल्यावर घेतील.

रात्र निभावून नेण्याची पद्धत

मांजर दिवसाचं नाही आणि पुरतं रात्रीचंही नाही. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या जाग्या वेळा. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. तो क्रम तुमच्या झोपेच्या वेळेआधी पुरा करून घ्यायचा.

झोपायच्या तासभर आधी काडीला दोरी आणि पिसं बांधलेलं खेळणं घ्या. ते मांजराच्या तोंडासमोर नाचवू नका. भक्ष्य कधी शिकाऱ्याकडे येत नाही, ते पळतं. दोरी जमिनीवरून लांब ओढा, सोफ्याच्या कोपऱ्याआड न्या, थांबवा. आता बघा: मांजराचे कान पुढे येतात, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, मागचं अंग डावीउजवीकडे हलायला लागतं. इथे घाई केलीत तर खेळ संपला. थांबा, जरा थरथरवा, मग झेप घेऊ द्या. मधूनमधून खरंच पकडू द्या, चावू द्या. दहा-पंधरा मिनिटांत ते आडवं पडून पंजे मारायला लागतं, म्हणजे दमलं. लेझरच्या लाल ठिपक्यामागे पळवणं मला पसंत नाही. हाताला काहीच लागत नाही आणि मांजर आणखी चेकाळतं. मालक तेच वापरत असतील तर शेवटी एखादं खरं खेळणं किंवा खाऊ पंजाखाली येऊ द्या.

खेळ झाला की लगेच जेवण, आणि दिवसातला मोठा वाटा या वेळेला. एकूण माप वाढवायचं नाही, वाटणी बदलायची. त्यानंतर लिटर साफ करा. काही मांजरं घाण ट्रेशेजारी उभं राहून ओरडतात. मग पाणी बदला, खेळण्याची दोरी कपाटात ठेवा (दोरी गिळली तर आतड्याचं ऑपरेशन करायची वेळ येते) आणि दिवा बंद.

आता पहाटेचे साडेचार. मालक पाचला चार दाणे टाकत असतील आणि तुम्ही दहा दिवसांसाठीच आला असाल, तर पाचला उठून चार दाणे टाका. दहा दिवसांत सवय मोडायला जाऊ नका. जास्त काळ राहणार असाल तर मालकांच्या संमतीने ती वेळ दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे न्या, किंवा ठरल्या वेळेला आपोआप दाणे टाकणारं यंत्र आणा. यंत्राचा मोठा फायदा असा की मांजर यंत्रापुढे बसून वाट बघतं, तुमच्या उशाशी नाही.

मालक पहाटे काहीच देत नसतील, पोट भरलेलं असेल, लिटर स्वच्छ असेल, दारं नेहमीसारखी असतील आणि तब्येत ठीक असेल, तर उठू नका. रागावूही नका, कारण रागावणंही उत्तरच झालं. ओरड आधी वाढते आणि मग कमी होते. हे वाढणं सोसवलं नाही आणि चाळीस मिनिटांनी उठून खायला घातलंत, तर मांजराला कळतं की चाळीस मिनिटं ओरडलं की मिळतं. म्हणून सोसायचं की द्यायचं ते पहिल्याच रात्री ठरवा. कानात बोळे घालायला हरकत नाही, पण पुढचा भाग वाचून झाल्यावरच.

पाणी फवारणं, टाळ्या वाजवून हाकलणं, बाथरूममध्ये कोंडणं यांतलं काहीही करू नका. त्याने ओरड थांबत नाही, मांजर तुम्हाला घाबरायला लागतं, आणि घाबरलेलं मांजर गादीवर शू करतं.

ही ओरड सोडून द्यायची नाही

बोका असेल तर हे दोनदा वाचा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट पदार्थ अडकून ती बंद होऊ शकते आणि ताण आलेल्या मांजरांत मूत्राशयाचे त्रास जास्त दिसतात. माणसं गावाला जाणं हा मोठा ताण आहे. लक्षणं अशी: बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, बराच वेळ उकिडवा बसतो, थेंबभर शू होते किंवा होतच नाही, ओरडतो, खालचा भाग सारखा चाटतो. पुष्कळ लोक याला बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबतात. थांबू नका. शू पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणूनच लिटर साफ करताना शूचे गोळे किती आणि केवढे आहेत ते रोज बघायचं. काल तीन मोठे होते आणि आज एकही नाही, हे कळलं तर बोका ओरडायच्याही आधी तुम्ही दवाखान्यात असाल.

अचानक मोठ्याने किंचाळून मागचे पाय ओढत चालायला लागलं, पाय गार लागले: हृदयविकार असलेल्या मांजरांत रक्ताची गाठ अडकून असं होतं. फार दुखतं. ताबडतोब न्या. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तरीही ताबडतोब.

पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा, दोन दिवसांवर जाऊ देऊ नका. मांजर, त्यातून लठ्ठ मांजर, उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून आजारी पडतं. "भूक लागली की खाईल" हा हिशोब मांजराला लागू होत नाही. आधी ओलं खाणं कोमट करून बघा, वास वाढला की काही जण खातात.

दहा-बारा वर्षांपुढचं मांजर रात्री भिंतीकडे तोंड करून, हरवल्यासारखं ओरडत असेल तर मालकांना विचारा: हे आधीपासून आहे का? नवीन असेल तर थायरॉइड, रक्तदाब, किडनी, बहिरेपण, म्हातारपणीचा विसर, यांपैकी काहीही असू शकतं. रात्री धावपळ करायची गरज नसते, पण त्याच आठवड्यात दाखवायला हवं. अशा मांजरासाठी बाथरूमचा किंवा पॅसेजमधला छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा.

बास्केट पहिल्या दिवसापासून हॉलमध्ये उघडी ठेवा, आत मालकांचा सदरा आणि थोडा खाऊ. वेळ आली तर ती उभी करून, मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून, मागच्या पायांकडून आत सोडा.

चावलं, ओरबाडलं तर

पोट वर करून लोळणं म्हणजे पोटावर हात फिरवायचं आमंत्रण नाही. शेपटीचं टोक फटकारायला लागलं, कान आडवे झाले, पाठीवरची कातडी थरथरली, की हात काढून घ्या. बोटांनी खेळवू नका. खिडकीबाहेर दुसरं मांजर दिसून चवताळलेल्या मांजराला तर हातच लावू नका, ते जवळ असेल त्याच्यावर तुटून पडतं. पडदा ओढा, खोलीतून बाहेर या, अर्धा-एक तास जाऊ द्या. दोन मांजरं भांडत असतील तर मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवा, हात नाही. मग त्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, दोघांना वेगळ्या वाट्या आणि ट्रे द्या. एरवीही मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त असावा.

दात लागला किंवा नखाने रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचं रेबीज लसीकरण झालेलं असलं तरी जा. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. शिवाय मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून टिपका दिसतो आणि आत पू होतो. गरोदर असाल तर लिटर दुसऱ्या कुणाकडून साफ करून घ्या, टोक्सोप्लाझ्माच्या संसर्गाची जोखीम असते. इतरांनीही ते रोज साफ करावं, कारण हा जंतू शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो.

शेजारी, फटाके आणि व्हिडिओ कॉल

आपल्या इमारतींच्या भिंती पातळ. पहिल्याच दिवशी वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घराची बेल वाजवून सांगा की मालक गावाला गेलेत, मांजर काही रात्री ओरडेल, हा माझा नंबर. तक्रार करायला वॉचमनकडे जाणारा माणूस मग तुम्हाला फोन करतो, आणि मांजर दारातून निसटलं तर शोधायलाही हेच शेजारी येतात. रात्री इमारतीच्या डक्टकडची खिडकी लावून घ्या, आवाज तिथूनच सगळ्या मजल्यांवर चढतो.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत मांजराला सगळ्यात आतल्या खोलीत न्या. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा चालू, पाणी आणि ट्रे आतच. कपाटात घुसलं तर घुसू द्या, दार किलकिलं ठेवा. त्या रात्री त्याने जेवण टाळलं तरी सकाळपर्यंत वाट बघायला हरकत नाही.

मालकांना रोज एक फोटो आणि दोन ओळी पाठवा: किती खाल्लं, लिटर कसं होतं. व्हिडिओ कॉलवर त्यांना मांजराशी बोलायची फार इच्छा असते. पहिल्या वेळी तो कॉल दुपारी करा. आवाज ऐकून काही मांजरं मोबाइलला गाल घासतात आणि काही घरभर शोधत फिरायला लागतात. दुसरा प्रकार दिसला तर मालकांना स्पष्ट सांगा की तुम्ही बघा, ऐका, पण बोलू नका. त्यांना वाईट वाटेल. तरीही सांगा.

सवयीचं खाणं बदलू नका, मग ते दूध-पोळी का असेना. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही हे बरोबर आहे आणि ते मालकांना नंतर सांगता येईल. वर्षानुवर्षं चमचाभर दूध पचवलेल्या मांजराचं ते तुमच्या आठवड्यात बंद करायला नको. ज्याला दूध मिळत नाही त्याला मात्र लाडाने देऊ नका, जुलाब होतील.

मालक परततात त्या दिवशी

ते दारात आल्याबरोबर निघू नका, निदान तासभर थांबा. बॅगांना विमानतळाचा, परक्या घरांचा वास असतो, आणि इतके दिवस ज्यांना हाका मारल्या त्यांच्याकडेच पाठ फिरवून मांजर तुमच्या पायाशी येऊन बसू शकतं, क्वचित फिसकारतंही. बॅगा एका खोलीत बंद करायला सांगा, आणि त्या दिवशीचं जेवण मालकांच्या हातून, त्यांच्याच हाकेने होऊ द्या. रोज किती खाल्लं, औषधाची कुठली वेळ चुकली, कुठली ओरड नवीन वाटली, गादीवर किंवा गालिच्यावर कुठे शू केली, हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. उरलेले पाऊच आणि लिटर किती आहे तेही लिहा, म्हणजे प्रवासाने दमलेल्या माणसाला रात्री दुकान शोधत फिरावं लागणार नाही. किल्ली हातात द्या, दवाखान्याची पावती असेल तर तीही द्या.